पाठीराख्याची निवड

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी तटबंदीसारखे उभे ठाकतात. परंतु केवळ देह पाहून त्यांची निवड होत नाही. मधल्या सेंटरला प्रतिपक्षाची मांडणी ओळखून सोबत्यांना सावध करावे लागते. तेथे तल्लख बुद्धी हवी. लगतच्या दोन गार्डांपाशी रेट्याचे बळ, तर टोकांवरील टॅकलांपाशी लांब हात आणि चपळ पावले असावीत.

उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडून पाठीवर येणारा दिसत नाही. म्हणून डावा टॅकल हाच त्याचा पाठीराखा. १९८५ साली वॉशिंग्टनचा असा पाठीराखा जो जेकबी दुखापतीमुळे बाहेर असताना क्वार्टरबॅक जो थाइसमनचा पाय मोडला आणि त्याचा खेळ कायमचा संपला.

अशा गड्याचा जयघोष क्वचितच होतो. निवडणाऱ्याला मात्र त्याचे मोल आधीच ओळखावे लागते.