घराची लाइट फिटिंग कोणाच्या हाती द्यायची?

पावसाळा तोंडावर आला की उंब्रजसारख्या बाजारगावात इलेक्ट्रिशियन मिळणे अवघड होते. कोणाची मोटर बंद पडलेली असते, कोणाला ओल आलेल्या भिंतीला हात लावला की मुंग्या येतात, कोणाला इन्व्हर्टर बसवून हवा असतो. कृष्णा आणि तारळीच्या संगमावरचे, पुणे-बेंगळुरू महामार्गालगतचे हे गाव आसपासच्या वाड्या-वस्त्यांची बाजारपेठ आहे. मसूर, चरेगाव, चाफळकडची माणसे सामान घ्यायला येथे येतात आणि बऱ्याचदा ते बसवणारा माणूसही येथेच शोधतात. दुकानदाराला विचारायचे, शेजाऱ्याला विचारायचे आणि जो लवकर येईल त्याला बोलवायचे, ही सगळीकडचीच रीत आहे. तो येतो, टेस्टर लावून पाहतो, दोन वायरी जोडतो, लाइट लागते, पैसे दिले जातात.

फसगत होते ती येथेच. नळाचे काम बिघडले तर पाणी गळताना दिसते. गवंड्याचे काम बिघडले तर भिंतीला तडा दिसतो. वायरिंगमधली चूक मात्र प्लास्टरच्या मागे वर्षानुवर्षे गप्प राहते. अर्थिंग अजिबात नसलेल्या घरातही पंखा फिरतो, फ्रिज गार करतो आणि टीव्ही चालतो. त्यामुळे लाइट लागली यावरून काम चांगले झाले की नाही, हे कळतच नाही. भरवशाचा इलेक्ट्रिशियन ओळखायचा असेल तर लाइट लावण्यापूर्वी तो काय तपासतो आणि कोणते काम करायला नकार देतो, हे पाहावे लागते.

हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेचा धक्का लागून मरतात.

हृदयाला किती वीज पुरते?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. धक्का किती जीवघेणा ठरेल, हे शरीरातून किती प्रवाह गेला, कोणत्या मार्गाने गेला आणि किती वेळ गेला यावर ठरते. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘वायरीने माणसाला धरून ठेवले’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. प्रत्यक्षात वायर धरत नाही, माणसाचीच मूठ आवळली जाते. ३० मिलीअँपिअरच्या आसपास श्वासाचे स्नायू आखडू शकतात. पन्नास ते शंभर मिलीअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलत नाही. अशा वेळी काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते.

कोरडी कातडी विजेला बराच रोध करते. अंग ओले असेल तर मात्र शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागले की २३० मिलीअँपिअर येतात. ओल्या अंगाने गिझर किंवा बादलीतल्या हीटरला हात लावणे म्हणूनच घातक असते.

आता घरातल्या बोर्डाकडे पाहू. तेथे बसवलेला एमसीबी बहुतेकांना रक्षणकर्ता वाटतो. पण १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाचा जीव घेणारा २३० मिलीअँपिअरचा प्रवाह त्याच्या जवळपास सत्तरावा भाग आहे. एमसीबीला तो जाणवतही नाही. त्याचे काम वायर जळू न देण्याचे आहे.

हिशेब ठेवणारे उपकरण

माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी हे वेगळे उपकरण लागते. बाजारात त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. फेजच्या वायरीतून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, एवढा साधा हिशेब ते सतत तपासत असते. हिशेबात ३० मिलीअँपिअरची तूट दिसली, म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित एखाद्याच्या अंगातून, जमिनीत जात आहे असे समजून ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणसाला किती प्रवाहापर्यंत हात सोडवता येतो, याचा स्वयंसेवकांवर अभ्यास केला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या तत्त्वावरचे घरगुती संरक्षक उपकरण पुढे आणले. घरगुती जोडणीसाठी ३० मिलीअँपिअर ही मर्यादा आपल्याकडच्या नियमांतही आहे.

आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर त्याच्या हिशेबात तूट येत नाही आणि ते पडत नाही. शिवाय आत बिघाड झाला तर बाहेरून कळत नाही. त्यासाठीच त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. लगेच खटका पडला पाहिजे. नाही पडला तर उपकरण बदलावे.

अर्थिंगला ‘पॉइंट’ नसतो

अर्थिंगचे काम थोडक्यात असे. फ्रिज, मोटर किंवा वॉशिंग मशिनच्या लोखंडी अंगाला आतून फेज लागली, तर त्या विजेला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी आणि पुरवठा तुटावा. ही वाट खरोखर सोपी आहे का, हे मोजूनच कळते. समजा, अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. मग बिघाडाच्या वेळी जास्तीत जास्त २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही. घरात आरसीसीबी नसेल, तर फ्रिज चालू राहील आणि त्याच्या दारावर धक्का तसाच टिकून राहील. अर्थिंगची पट्टी दिसते, वायर दिसते, पण उपयोग शून्य.

जमीन ओली असताना रोध कमी असतो, वाळली की वाढतो. कृष्णाकाठची काळी जमीन आणि पश्चिमेकडच्या डोंगरउतारावरचा मुरूम यांत मोठा फरक पडतो. त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून तसाच खड्डा घेण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजमाप करणे चांगले. अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३ हे भारतीय मानक आहे. पाण्याच्या पाइपला वायर गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. आता बहुतेक ठिकाणी पाइप प्लास्टिकचे झाले असल्याने तर नाहीच नाही.

एवढी महत्त्वाची गोष्ट मग राहून का जाते? एक कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. घराच्या फिटिंगचे पैसे बहुधा पॉइंटवर ठरतात. दिव्याचा एक, पंख्याचा एक, प्लगचा एक. अर्थिंगचा रोध मोजण्याला आणि वायरिंग तपासण्याला पॉइंट नसतो. जो कमी दर सांगतो त्याला काम मिळते आणि कमी दरात न दिसणारी कामे गळतात. यात दोष एकट्या इलेक्ट्रिशियनचा नाही. मुलाने पुण्या-मुंबईहून पैसे पाठवले, वर एक मजला चढला, फरशी आणि रंग मनाजोगता झाला, पण खालची वायरिंग आणि मेन स्विच तोच राहिला, अशी घरे गावोगाव आहेत. अर्थिंग, आरसीसीबी आणि अखेरची तपासणी या तीन गोष्टी अंदाजपत्रकात वेगळ्या लिहून घ्याव्यात आणि त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

परवाना पाहायचा तो कोणता?

गावात ‘वायरमन’ म्हटले की महावितरणचा कर्मचारी डोळ्यांपुढे येतो. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाची. खांबावरची तक्रार असेल तर १९१२ वर फोन करावा. घरातल्या कामासाठी वेगळा माणूस लागतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणे एवढी किरकोळ कामे सोडली, तर घरातले नवे वायरिंग, वाढीव काम किंवा दुरुस्ती राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते. त्याच्या हाताखाली पात्रता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परवानाधारक तारतंत्री असावा लागतो. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. ते पूर्ण केलेली मुले या भागात आहेत. मात्र आयटीआयचे प्रमाणपत्र आणि सरकारी परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्यावर नाव आणि मुदत असते, ती पाहावी. ‘दादा, परवाना आहे का?’ असे विचारण्यात संकोच नको. ज्याच्याकडे आहे, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

कागदाइतकीच माणसाची पद्धतही बोलते. चांगला इलेक्ट्रिशियन आधी मेन बंद करतो आणि टेस्टर लावून वीज खरोखर गेली का ते पाहतो. घरात काय काय चालते, गिझर किती वॅटचा आहे, हे विचारतो. दोन हजार वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. त्याला दिव्याच्या वायरीवर जोडणे म्हणजे भिंतीत शेगडी ठेवण्यासारखे आहे. स्विच तो फेजवर घेतो. न्यूट्रलवर घेतला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो. वायरीवरचा आय.एस.आय. शिक्का तो स्वतःहून दाखवतो आणि अर्थिंगला हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायरच वापरतो.

काही गोष्टींना त्याने नकार दिला पाहिजे. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडून दे, असे कोणी म्हटले तर त्याने ऐकू नये. सारखे पडणारे उपकरण बहुधा घरातली गळती दाखवत असते. ती शोधणे हेच काम आहे. प्लगमध्ये अर्थिंगच्या पिनला न्यूट्रल जोडून देणे ही दुसरी घातक युक्ती. पुढेमागे न्यूट्रल तुटली की घरातल्या यंत्रांची लोखंडी अंगे एकदम जिवंत होतात. फ्यूजमध्ये जाड तार घालणे तिसरी. हे सगळे करून लाइट लगेच लागते आणि माणूस हुशार वाटतो. अशा हुशारीपासून सावध राहावे.

पुरानंतरचे घर

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-कोयनेच्या पुराने सातारा-सांगलीतली घरे पाण्यात गेली. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर पोहोचले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर लाइट कधी येते याची घाई सगळ्यांनाच असते. पण भिंतीतल्या पाइपमध्ये पाणी आणि बोर्डात गाळ शिल्लक असतो. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरू नयेत, बदलावेत. वायरिंगचा रोध मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टवर मोजावा. तो किमान एक मेगाओहम भरल्याशिवाय मेन चालू करू नये. इलेक्ट्रिशियनकडे मेगर आहे का, एवढा एक प्रश्नही पुष्कळ काही सांगून जातो. पाणी घरात शिरण्याची शक्यता दिसताच, हात-पाय कोरडे असताना मेन बंद करावा. बोर्डापर्यंत जाण्यासाठी पाण्यातून चालावे लागत असेल तर जाऊ नये, महावितरणला कळवावे.

धक्का बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून कोरड्या काठीने त्याला वायरीपासून दूर करावे. हा उपाय घरातल्या विजेपुरता आहे. बाहेरची उच्च दाबाची तार तुटून पडली असेल तर जवळही जाऊ नये. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीदाब सुरू करावा. छातीच्या मधोमध, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. पाणी पाजणे, अंग चोळणे यात वेळ घालवू नये.

शुद्धीवर असलेल्या माणसाबाबतही गाफील राहू नये. विजेचा भाजका डाग वरून लहान दिसतो, आत स्नायू जळालेले असू शकतात. छातीत धडधड, चक्कर, क्षणभर शुद्ध हरपणे किंवा भाजल्याची खूण असेल, अथवा धक्का गरोदर बाईला बसला असेल, तर दवाखान्यात जाऊन तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा.

घरातली काही कामे मात्र आजच करता येतात. अंगणातली कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याला किंवा गोठ्याच्या लोखंडी खांबाला घासणारी वायर दिसली तर मेन बंद ठेवून ती बाजूला घ्यायला सांगा. बोर्डात आरसीसीबी आहे का पाहा आणि असेल तर त्याचे बटण दाबा. पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियन आला की काम सुरू होण्याआधी त्याला विचारा, ‘आमच्या अर्थिंगचा रोध किती आहे, मोजून देता का?’