पॉडीला जगवायचं की नाही?

एका प्रकाशकाने कादंबरीचे दोन शेवट वाचकांपुढे ठेवले आणि यातला कोणता खरा मानायचा, ते कारणांसह लिहून कळवा, असं आवाहन केलं. एका शेवटात नायिका वाचते, दुसऱ्यात मरते. वाचकांनी मृत्यूच्या बाजूने कौल दिला. ही कादंबरी कुमारवयीन वाचकांसाठी म्हणून बाजारात आलेली होती आणि नायिका होती मंगळावर जन्मलेली पंधरा वर्षांची एक हसरी, बडबडी मुलगी.

पुस्तकाचं नाव ‘पॉडकेन ऑफ मार्स’, लेखक रॉबर्ट हाइनलाइन. १९६३ साली न्यूयॉर्कच्या पुटनम या प्रकाशनसंस्थेने ते काढलं. वाचकांचा कौल मागितला गेला तो तब्बल तीस वर्षांनी, १९९३ साली. तोवर हाइनलाइन यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला अंतराळाची ओढ लावण्यात हाइनलाइन यांचा वाटा मोठा. १९४७ ते १९५८ या काळात त्यांनी स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेसाठी मुलांच्या बारा अंतराळ-कादंबऱ्या लिहिल्या, साधारण वर्षाला एक. ‘स्टारशिप ट्रूपर्स’वरून स्क्रिब्नरशी फाटलं आणि ते पुटनमकडे गेले. स्क्रिब्नरच्या त्या बारा पुस्तकांत नायक मुलगेच. पॉडकेनच्या वेळी त्यांनी मुलीच्या तोंडून गोष्ट सांगायचं ठरवलं, तीही डायरीच्या रूपात. हे पुस्तक मुलांचं आहे, असं ते स्वतः मानत नव्हते. छापणारे आणि विकत घेणारे मात्र तसंच मानत होते, आणि पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पॉडकेन फ्राइस, घरच्यांची पॉडी, हिला मोठेपणी अंतराळयानाची कप्तान व्हायचंय. धाकटा भाऊ क्लार्क अकरा वर्षांचा, अफाट बुद्धीचा आणि आपल्यापलीकडे कुणाचीही फिकीर नसलेला. आईवडिलांबरोबरची पृथ्वीची सहल ऐन वेळी रद्द होते. मग टॉमकाका या दोघांना ‘ट्रायकॉर्न’ नावाच्या आलिशान यानातून घेऊन निघतो. वाटेत शुक्रावर मुक्काम. तिथे सगळा कारभार एकाच कंपनीच्या हातात, आणि पैसे मोजले की काहीही मिळतं. खून केला तरी मेलेल्या माणसाची किंमत कंपनीला भरून सुटता येतं. टॉमकाका वरवर मुलांना फिरवायला निघालेला म्हातारा, पण खरं तर तो मंगळाचा प्रतिनिधी म्हणून एका गुप्त राजकीय कामगिरीवर आहे. मुलं ही त्याची आड आहे. त्याला वाकवण्यासाठी विरोधक आधी क्लार्कला पळवतात, मग त्याला सोडवायला गेलेल्या पॉडीलाही.

सुटकेचा बेत क्लार्कचा. यानात चढताना कुणीतरी पैसे देऊन त्याच्याकडून एक पुडकं चोरून आत न्यायला लावलेलं असतं. त्याने ते बहिणीच्या सामानात दडवलं. नंतर उघडून पाहिलं तर आत अणुबाँब. या पोराने तो निकामी केला आणि ठेवून दिला. आता तोच बाँब तो अपहरणकर्त्यांसाठी मागे ठेवतो आणि दोघं निसटतात. सुरक्षित अंतरावर पोचल्यावर पॉडीच्या लक्षात येतं, की शुक्रावरच्या परीसारख्या एका प्राण्याचं पिलू तिथेच राहिलंय. ती मागे फिरते. स्फोट होतो.

हाइनलाइन यांनी पहिल्यांदा लिहिलं त्यात पॉडी त्या पिलाला अंगाखाली घेऊन मरते, पिलू वाचतं. प्रकाशकाला हे मानवेना. मुलींनी वाचायच्या पुस्तकात पंधरा वर्षांची मुलगी मारायची? शेवट बदलून मागण्यात आला. हाइनलाइन यांनी आपले एजंट लर्टन ब्लासिंगेम यांना लिहिलेल्या पत्रात मनातली कडवट नाराजी व्यक्त केली. रोमिओ आणि ज्युलिएटला जगवून त्यांचा सुखाचा संसार दाखवण्यासारखं हे आहे, अशी त्यांची तक्रार होती. तरीही त्यांनी बदल केला. १९६३ च्या पुस्तकात पॉडी गंभीर जखमी होते, पण वाचते. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी व्हर्जिनिया यांनी १९८९ साली त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, तेव्हा ही तक्रार सर्वांपुढे आली.

मग जिम बेन यांनी हा विषय हातात घेतला. बेन बुक्स ही त्यांची संस्था, विज्ञानकथांसाठी नावाजलेली. १९९३ च्या आवृत्तीत त्यांनी दोन्ही शेवट छापले आणि वाचकांकडून निबंध मागवले. १९९५ च्या आवृत्तीत दोन्ही शेवटांबरोबर वाचकांचे २५ निबंध आले. मृत्यूचा शेवट जिंकला आणि पुढच्या आवृत्त्यांत तोच कायम झाला.

या उपक्रमात मला सर्वांत मोलाची वाटते ती निबंधाची अट. पुस्तक आवडलं की नाही, पाचपैकी किती तारे, एवढंच विचारलं असतं तर आकडा मिळाला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. शेवट असा का हवा, हे लिहायचं म्हटलं की वाचकाला पुस्तकात परत शिरावं लागतं, आधीची पानं चाळावी लागतात, आपल्याला नेमकं काय खटकलं ते शोधावं लागतं.

वाचकांच्या कारणांत दोन ठळक होती. पहिलं असं, की गोष्ट लेखकाची, तिचा शेवट ठरवण्याचा हक्कही लेखकाचा. हे न्यायाला धरून आहे, पण साहित्याचं कारण म्हणून मला ते पुरेसं वाटत नाही. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यातलं सगळंच चांगलं असतं असं थोडंच आहे? ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट डिकन्सने १८६१ मध्ये बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्याने बदलला आणि त्यातला कोणता सरस, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. शिवाय हाइनलाइनच्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती विकत घेऊन वर निबंध लिहून पाठवणारा माणूस बहुतेक त्यांचा चाहताच असणार. चाहते लेखकाच्या बाजूने उभे राहतात, यात नवल नाही.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे. पॉडीला जगवल्याने शोकांतिकेची नुसती साहसकथा झाली, आणि साहसकथा म्हणून तिची बांधणी भक्कम नाही, असं वाचकांनी लिहिलं. हे त्यांनी अचूक हेरलं. साहस म्हणून पाहिलं तर अर्ध्याहून अधिक पुस्तकात फारसं काही घडतच नाही. यानातलं जेवण, नाच, ओळखीपाळखी, शुक्रावरची चैन, पॉडीची कपड्यांबद्दलची आणि तरुणांबद्दलची मतं, हेच पानोपानी चालतं. अपहरण येतं अगदी शेवटाकडे. ही सगळी गप्पिष्ट पानं वाचकाला या मुलीचा लळा लावण्यासाठी आहेत. तिचं पुढे काही वाईट होणार असेल, तरच त्या लळ्याला अर्थ आहे.

शेवटची पानं पॉडीच्या डायरीतली नाहीत, क्लार्कने लिहिलेली आहेत. आतापर्यंत तो अधूनमधून बहिणीच्या डायरीत घुसून खवचट नोंदी करत आला आहे. आता डायरी त्याच्याच हातात उरली आहे. मूळ शेवटात तो कबूल करतो, की कुठेतरी आपलंच चुकलं. आपल्याला रडता येत नाही, याची त्याला खंत वाटते. ते पिलू आपण वाढवायचं, असं तो ठरवतो. ज्याने आजवर कुणासाठी काही केलं नाही, त्या पोरात पहिल्यांदा माणूस जागा झाल्याची ही खूण. बदललेल्या शेवटातही तो पिलू सांभाळतो, पण पॉडी बरी झाली की तिला ते बघावंसं वाटेल म्हणून. फरक एवढुसा दिसतो. पण पहिल्या शेवटात त्या जिवाची जबाबदारी कायमची त्याच्यावर आली आहे, त्याच्या हुशारीची किंमत बहिणीने मोजली आहे आणि ती परत मिळणार नाही. दुसऱ्यात तो राखणदार आहे, बहीण घरी आली की मोकळा. कादंबरी मुळात क्लार्कची आहे आणि त्याला बदलायचं काम पॉडीच्या मृत्यूने होतं, म्हणून मी निबंध लिहिणाऱ्यांच्या बाजूने आहे.

तरी एका गोष्टीवर शेवट बदलूनही उतारा मिळत नाही. टॉमकाका फोनवरून मुलांच्या वडिलांना खडसावतो, की तुम्ही मुलांकडे लक्ष दिलं नाही. आणि त्यातला मुख्य ठपका ठेवतो आईवर, कारण ती मोठी इंजिनियर आहे आणि तिने कामाला पहिला मान दिला. वडीलही आपल्या अभ्यासात तेवढेच बुडालेले, पण त्यांच्या वाट्याला बोल कमी येतात. तिकडे कप्तान व्हायला निघालेली पॉडी पुस्तकाच्या मध्यावर येईतो यानातल्या बाळांना सांभाळायच्या कामाकडे वळायला लागते. पुढच्या काळातल्या वाचकांनी, विशेषतः बायकांनी, यावर कडक बोट ठेवलं आहे आणि ते योग्यच आहे. मुलीच्या तोंडून बोलणारं अंतराळातलं पुस्तक हवं म्हणून ज्यांनी ते हातात घेतलं, त्यांना पॉडी जगली काय नि मेली काय, तिचं स्वप्न लेखकानेच आधी मोडलेलं दिसतं. बेन यांच्या प्रश्नात दोनच पर्याय होते. या नाराजीला त्यात जागा नव्हती.

पुस्तकातलं विज्ञान तर केव्हाच कालबाह्य झालं. ‘वर्ल्ड्स ऑफ इफ’ या मासिकात नोव्हेंबर १९६२ पासून ही कादंबरी क्रमशः येत होती आणि ती पुरी होण्याआधीच, १४ डिसेंबर १९६२ रोजी, ‘मरिनर २’ हे यान शुक्राजवळून गेलं. शुक्राचा पृष्ठभाग भट्टीसारखा तापलेला आहे, तिथे जुगाराचे अड्डे आणि परीसारखे प्राणी सोडाच, पाण्याचा थेंबही टिकणार नाही, हे त्यानंतर स्पष्ट होत गेलं. तरीही वाचक तीस वर्षांनी निबंध लिहायला बसले ते शुक्राच्या तापमानावर नव्हे, एका भावाच्या अपराधावर.

मुलांना दुःख झेपत नाही, हे मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. ‘श्यामची आई’ १९३५ साली आली. तिच्यात आई जाते, आणि श्याम वेळेवर पोचूही शकत नाही. नव्वद वर्षं मराठी घरांत हे पुस्तक शाळकरी मुलांच्या हाती दिलं जातंय. त्याचा शेवट गोड करा, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पण आपल्या कुमार वाङ्मयातल्या साहसकथांना ही मोकळीक सहसा मिळत नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फास्टर फेणे घडवला, आणि साहसाची चटक लावली. त्या गोष्टींत नायक शेवटी सुखरूप घरी येणार, हे वाचणाऱ्या पोराला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्यात आनंद आहेच. पण साहस म्हणजे जिवाची जोखीम, आणि ती कधी तरी खरी ठरते, असंही एखादं पुस्तक बारा-चौदा वर्षांच्या मुलाला मिळायला हवं.

इंग्रजी वाचणारं त्या वयाचं मूल घरात असेल, तर दोन्ही शेवट असलेली जुनी आवृत्ती मिळवून पाहा. आधी मूळ शेवट वाचू द्या, मग बदललेला, आणि मग त्याचं मत विचारा. आपलं मत, किंवा त्या पंचवीस जणांचं, त्याआधी सांगू नका. टॉमकाकाचा तो फोनही त्याला वाचायला लावा आणि आईला दिलेला दोष त्याला पटतो का, हेही विचारा.