कॅन्सरनंतर मूल होईल का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन ते पाच लाख उरतात आणि नवी कधीच तयार होत नाहीत. पुरुषांत वयात आल्यापासून शुक्राणू सतत तयार होतात. मात्र ते घडवणाऱ्या मूळ पेशीच जळाल्या, तर हा पुरवठाही थांबतो. कॅन्सरचे उपचार नेमका या साठ्यावर आणि या पेशींवर घाव घालू शकतात.

गैरसमज : किमो घेतली की मूल होण्याची आशा संपली.
वस्तुस्थिती : सगळी औषधे सारखी नसतात. सायक्लोफॉस्फमाइड, बुसल्फान, मेल्फालान यांचे मोठे डोस सर्वाधिक हानी करतात. विनक्रिस्टिन, मेथोट्रेक्झेट यांचा धोका कमी असतो. ओटीपोटावरचे रेडिएशन आणि बोन मॅरो प्रत्यारोपणाआधीचे तीव्र उपचार जास्त धोक्याचे. वयही मोजावे लागते : तोच डोस पंचविशीतल्या स्त्रीला झेपतो आणि चाळिशीतल्या स्त्रीची पाळी कायमची थांबवू शकतो. पुरुषांत शुक्राणू परतायला काही वर्षे लागू शकतात. एक वृषण काढले, तरी दुसरे निरोगी असल्यास सहसा पुरेसे असते.

गैरसमज : पाळी सुरू झाली, म्हणजे सगळे पूर्ववत झाले.
वस्तुस्थिती : पाळी येत असली तरी स्त्रीबीजांचा साठा घटलेला असू शकतो आणि रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येऊ शकते. एएमएच ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांवरून साठ्याचा अंदाज येतो. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची : उपचार चालू असताना पाळी थांबली, तरी दिवस जाऊ शकतात. त्या काळात गर्भनिरोधक आवश्यकच आहे.

गैरसमज : आधी जीव वाचवू, मुलाचे नंतर पाहू.
वस्तुस्थिती : या बाबतीत 'नंतर' बहुधा उशीर ठरतो. शुक्राणू गोठवायला एक-दोन दिवस पुरतात. बॉलपेनच्या रिफिलएवढ्या बारीक नळ्यांत भरलेला नमुना उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतो. स्त्रीबीजांसाठी साधारण दोन आठवडे लागतात : रोज पोटावर इंजेक्शन, अधूनमधून सोनोग्राफी आणि शेवटी हलक्या भुलेखाली सुईने बीजे काढणे. त्यासाठी पाळीची वाट पाहावी लागत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेनची पातळी कमी ठेवतात. तीव्र ल्युकेमियात मात्र दोन आठवडे थांबणे बहुधा शक्य नसते.

गैरसमज : अविवाहित मुलींना किंवा लहान मुलांना काही उपायच नाही.
वस्तुस्थिती : स्त्रीबीजे गोठवायला नवऱ्याची गरज नाही. अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने २०१२ मध्ये या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. वयात न आलेल्या मुलींच्या बीजकोशाचा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून गोठवता येतो. बीजकोशाचा गोठवलेला तुकडा पुन्हा बसवल्यानंतर झालेले पहिले बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या तुकड्यात कॅन्सरपेशी असण्याची भीती असते. वयात न आलेल्या मुलग्यांसाठीच्या पद्धती अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत.

गैरसमज : गरोदरपणामुळे कॅन्सर उलटतो.
वस्तुस्थिती : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉझिटिव्ह' अभ्यासात हार्मोनशी संबंधित स्तनकॅन्सर झालेल्या ५१८ तरुण स्त्रियांनी मुलासाठी हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवल्या. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होते. गोळ्या न थांबवणाऱ्या तुलनेच्या गटात ९.२ टक्के. गोळ्या कधी थांबवायच्या हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

गैरसमज : बाळालाही कॅन्सर किंवा व्यंग होते.
वस्तुस्थिती : पूर्वी उपचार झालेल्या आईवडिलांच्या मुलांत जन्मजात व्यंगाचे किंवा कॅन्सरचे प्रमाण सहसा वाढलेले आढळलेले नाही. आनुवंशिक कॅन्सर हा अपवाद : बीआरसीए जनुकातला दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा वेळी जनुकीय समुपदेशन घ्यावे.

आईच्या शरीराची तयारी हा वेगळा मुद्दा आहे. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे किंवा छातीवर रेडिएशन घेतलेल्या स्त्रीने गरोदरपणाआधी हृदयाचा इको करून घ्यावा. गर्भाशयावर रेडिएशन झाले असल्यास गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. अशा प्रश्नांसाठी पाठपुराव्याचे दवाखाने असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांसाठी असा दवाखाना १९९१ पासून चालतो. उपचार अजून सुरू व्हायचे असतील, तर किमोची पहिली सलाईन लागण्याआधीच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : या औषधांनी मूल होण्याच्या क्षमतेवर किती परिणाम होईल, आणि आज काय जपून ठेवता येईल?