घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप : फुल की इन्क्रिमेंटल?

मे महिना सरत आला की पाचगणी-महाबळेश्वरात घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. छपरे पाहिली जातात, पावसाच्या बाजूला झडी बांधल्या जातात, लाकूडफाटा कोरड्या जागी हलतो. याच यादीत आता कॉम्प्युटरही आला पाहिजे. वळवाच्या विजा, घटकेत जाणारी आणि घटकेत येणारी वीज, जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीवाटे थेट खोलीत येणारे धुके, हे सगळे हार्ड डिस्कच्या जिवावरचे आहे. आणि त्या डिस्कवर काय काय असते! होमस्टेचे बुकिंग, स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यांचा हिशेब, शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका, घरातली लग्ने, बारशी, आणि ज्यांचे मूळ कागद आता पिवळे पडलेत असे आजी-आजोबांचे स्कॅन केलेले फोटो.

बॅकअप घ्यायचा हे ठरते, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क येते, प्रोग्रॅम उघडतो आणि तो विचारतो : फुल की इन्क्रिमेंटल? इथे बहुतेक जण समोर दिसेल ते बटण दाबतात. खरे तर हा निर्णय समजून घेतला तर पुढची कित्येक वर्षे निर्धास्त जातात.

फुल बॅकअप म्हणजे निवडलेल्या सगळ्या फाइलींची, दर वेळी, नव्याने पूर्ण प्रत. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर जे नवे आले किंवा बदलले, तेवढ्याचीच प्रत. समजा, घरात २०० जीबीचा ऐवज आहे आणि रोज साधारण एक जीबीची भर पडते. रोज फुल घेतला तर महिन्याच्या ३० प्रतींना ६,००० जीबीहून अधिक जागा लागेल. एकदा फुल आणि पुढे रोज इन्क्रिमेंटल घेतला तर २३० जीबीत काम भागते. वेळेचेही तसेच. चांगल्या यूएसबी डिस्कवर २०० जीबी उतरायला अर्धा-पाऊण तास तरी जातो, लहान लहान फाइली असल्या तर त्याहून जास्त. एक जीबी पाहता पाहता उतरतो. क्लाउडवर पाठवायचे असेल तर फरक डोळ्यांत भरतो. अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तर २०० जीबीला सलग ४४ तास लागतात, एक जीबीला १३-१४ मिनिटे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट सलग ४४ तास टिकेल यावर कोणी विसंबून राहू नये.

एवढे वाचून इन्क्रिमेंटलच बरा वाटेल. पण बॅकअप घेताना वाचलेला वेळ परत मिळवताना भरावा लागतो, आणि हीच गोष्ट डिस्कच्या डब्यावरच्या जाहिरातीत लिहिलेली नसते. आपल्याकडे जमीन असलेल्या प्रत्येकाला हा हिशेब आधीपासून ठाऊक आहे. सातबारा म्हणजे जमिनीची एका वेळची पूर्ण स्थिती. त्यानंतर वारस लागले, खरेदी झाली, बोजा चढला की प्रत्येक बदलाची फेरफार नोंद गाव नमुना ६ मध्ये पडते. हातात एक जुना सातबारा आणि त्यानंतरचे सगळे फेरफार असतील तर आजच्या मालकापर्यंत पोचता येते. मधला एक फेरफार गहाळ असला की साखळी तुटते आणि पुढचे फेरफार हातात असूनही उलगडा होत नाही. म्हणूनच हस्तलिखित सातबाऱ्याचे ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होत असे; नवा उतारा एकटा वाचता यावा, मागच्या गठ्ठ्यावर अवलंबून राहावे लागू नये, यासाठी. फुल बॅकअप म्हणजे नव्याने लिहिलेला सातबारा, इन्क्रिमेंटल म्हणजे फेरफार.

जानेवारीत एक फुल घेतला आणि पुढे वर्षभर रोज इन्क्रिमेंटल, तर डिसेंबरमध्ये डिस्क गेल्यावर तो जानेवारीचा फुल आणि त्यावरचे तीनशेहून अधिक तुकडे, सगळे शाबूत हवेत. प्रोग्रॅम प्रत्येक फाइल वेगळी ठेवणारा असेल तर एखादा तुकडा खराब झाल्याने त्यातल्या फाइलींपुरतेच नुकसान होते. संपूर्ण डिस्कची इमेज घेऊन तिचे बदललेले कण साठवणारा असेल तर त्या तुकड्यापुढचे सगळेच हातचे जाऊ शकते. पावसाळ्यात बॅकअप चालू असताना वीज जाणे ही पाचगणीत नित्याची बाब. साखळीतली कडी नेमकी तिथेच कच्ची राहते.

या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे, डिफरेन्शियल. तो दर वेळी शेवटच्या फुलनंतरचे सगळे बदल एकत्र घेतो. त्यामुळे तो दिवसेंदिवस फुगतो, पण परत मिळवताना फुल आणि शेवटचा डिफरेन्शियल अशा दोनच गोष्टी पुरतात. घरच्या प्रोग्रॅममध्ये तो नेहमी सापडतोच असे नाही. सापडला तर जरूर वापरावा.

माझे मत स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे फक्त कागदपत्रे, हिशेब आणि थोडे फोटो, म्हणजे वीस-तीस जीबीच्या आतला ऐवज आहे, त्यांनी इन्क्रिमेंटलच्या वाटेला जाऊच नये. दर आठवड्याला फुल घ्यावा, फोल्डरला तारखेचे नाव द्यावे, शेवटचे चार-पाच ठेवून जुने काढून टाकावेत. यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे, आणि घरातल्या कोणालाही कोणत्याही प्रोग्रॅमशिवाय ते उघडता येते. ऐवज शेकडो जीबींचा असेल तर मात्र रोजचा इन्क्रिमेंटल आपोआप होऊ द्यावा आणि साखळी लांबू देऊ नये. या भागापुरते बोलायचे तर वर्षाचे दोन फुल ठरवून टाकावेत : एक मेअखेर, पाऊस लागण्यापूर्वी, दुसरा ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर. हिशेबवाल्यांनी ३१ मार्चचा तिसरा घ्यावा. तो दिवस जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणूनही पाळतात. नवा फुल नीट झाला याची खात्री पटेपर्यंत जुनी साखळी पुसायची नाही.

अॅपलचा संगणक असेल तर हा निर्णय बराचसा झालेलाच असतो. २००७ साली आलेली टाइम मशीन ही सोय पहिल्यांदा सगळे घेते, मग फक्त बदल घेते, पण उघडल्यावर प्रत्येक तारीख पूर्ण प्रतीसारखी दिसते. शेवटच्या चोवीस तासांचे तासागणिक, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ती राखते; डिस्क भरली की सर्वांत जुने काढते. विंडोजमधली फाइल हिस्टरी दर तासाला बदललेल्या फाइली टिपते, पण ठरावीक फोल्डरांमधल्याच. डी ड्राइव्हवर ‘नवीन फोल्डर’ करून त्यात सगळे ठेवायची आपली सवय असेल तर तो फोल्डर तिला मुद्दाम दाखवावा लागतो.

कोणत्या फाइली आहेत, यावरही बरेच ठरते. फोटो एकदा काढला की बदलत नाही, म्हणून फोटोंच्या संग्रहाला इन्क्रिमेंटल अगदी सोयीचा. टॅलीचा डेटा किंवा आउटलुकची मेल साठवणारी मोठी फाइल यांचे उलट आहे. एक नोंद केली, एक मेल आली, की बऱ्याच प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती अख्खी फाइल बदलली. दहा जीबीची मेलफाइल रोज नव्याने उतरत राहते आणि इन्क्रिमेंटल असूनही डिस्क का भरते ते कळत नाही.

इन्क्रिमेंटलचा आकार हा इशाराही असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हापासून रॅन्समवेअर हा शब्द घरोघरी पोचला. असा हल्ला फाइली आतून बदलून टाकतो, म्हणजे बॅकअपच्या नजरेत त्या सगळ्याच ‘बदललेल्या’ ठरतात. रोज एक जीबीचा होणारा इन्क्रिमेंटल एखाद्या दिवशी दीडशे जीबीचा झाला तर तिथेच थांबून पाहावे. आणि डिस्क कायम जोडलेली असेल तर तीही त्याच हल्ल्यात सापडते. काम झाले की ती काढावी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. या दमट हवेत ती काळजी तशीही हवीच.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा पाचगणीच्या पायथ्याच्या खोऱ्यातून धोम, वाई करत सांगलीला जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ तिने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. अशा पुरात कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात जातात. ज्यांचे एक घर खाली सांगली-कराडकडे आणि दुसरे किंवा नातेवाइकांचे घर वर पाचगणीला आहे, त्यांना ही सोय आयती आहे. दोन डिस्क घ्याव्यात आणि दिवाळी, उन्हाळ्याच्या सुटीत जा-ये होईल तेव्हा त्यांची अदलाबदल करावी. दूर जाणाऱ्या डिस्कवर नेहमी ताजा फुलच असावा. क्लाउड जोडीला असू द्या, पण नुसते सिंक होणारे फोल्डर बॅकअप मानू नका. इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग नाही.

आणि बॅकअपमधून फाइली खरोखर परत मिळवून पाहाव्यात. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना एका चुकीच्या आदेशाने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या आणि बॅकअप पाहायला गेले तर तो नीट झालेलाच नव्हता. चित्रपट वाचला तो तिथेच काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर प्रत ठेवली होती.

परत मिळवून पाहताना मराठी घरांत एक अडचण हमखास निघते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतात. फाइल सुखरूप परत येते, पण नव्या कॉम्प्युटरवर तिच्यात नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात आणि फाइल हिस्टरी किंवा कागदपत्रांपुरता इन्क्रिमेंटल त्यांना शिवतही नाही. ते येतात फक्त संपूर्ण डिस्कच्या फुल इमेजमध्ये. म्हणून जुन्या कॉम्प्युटरची अशी एक इमेज घेऊन ठेवावी, फॉन्टांच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये कागदपत्रांच्या शेजारी उतरवाव्यात, आणि आजोबांचे आत्मचरित्र, वंशावळ, मंडळाचे जुने इतिवृत्त असे जे जे मोलाचे आहे ते, तो जुना कॉम्प्युटर अजून चालतो आहे तोवर, युनिकोडमध्ये बदलून घ्यावे.