मानोऱ्याहून सोनेगाव

विमानतळाची गोष्ट निघाली की लोक धावपट्टीची लांबी विचारतात. आम्ही मजूर संघटनेत वाढलेली माणसे. आमचा पहिला प्रश्न निराळा असतो. रात्री उतरलेल्या माणसाने पुढे जायचे कशाने? प्रश्न साधा आहे खरा, पण विमान कोणालाही घरी पोहोचवीत नाही. ते एका मैदानावरून उचलते आणि दुसऱ्या मैदानावर सोडते. उरलेला प्रवास रस्त्याने किंवा रुळाने करावा लागतो.

आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणजे नागपूरचा सोनेगाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव तो २००५ पासून धारण करतो. शारजा, दोहा या आखाती शहरांशी त्याचा संबंध जुळला तो अलीकडे; परंतु त्याची खरी थोरवी जुनी आहे, आणि ती मोठ्या इमारतीवर उभी नव्हती. १९४९ साली सरकारने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान सुटे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने सोनेगावला एकत्र येत. मुंबईच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, दिल्लीच्या मद्रासच्या विमानात, असा अदलाबदलीचा बाजार तिथे भरे. उतारूही विमान बदलीत. मग ज्याने त्याने आपल्या गावची वाट धरायची. संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचे, ते या मेळामुळे.

मेळ हाच शब्द आम्हांला इथे महत्त्वाचा वाटतो. एका विमानाला उशीर झाला तर बाकीची तीन खोळंबणार! तेव्हा वैमानिकाइतकेच काम थैल्या फोडणाऱ्या, निवडणाऱ्या आणि खांद्यावर वाहणाऱ्या हातांचे होते. (इतिहासात वैमानिकांची नावे सापडतात, हमालांची सापडत नाहीत; ही आमची जुनी तक्रार.) ती सेवा १९७० नंतरच्या दशकात बंद पडली. तरी मुंबई–कलकत्ता आणि दिल्ली–मद्रास हे आकाशमार्ग आजही नागपूरवरच एकमेकांना छेदतात.

आता मानोऱ्याकडे येऊ. आमच्या तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. या समाजाचे पूर्वज बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत; वाहतूक हा त्यांचा धंदाच होता. रेल्वे आली आणि लदेणी बसली. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कापसासाठी कारंजा आणि दारव्ह्यावरून गेली, मानोरा बाजूलाच राहिला. पुढे तीही थांबली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गावर दारव्हा, दिग्रस आहेत. आमच्या तालुक्याला जवळचे स्टेशन मिळेल ते त्यातूनच.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. कारंजाजवळ त्यावर चढायची सोय आहे. तेथून मोटारीने सुमारे दोन तासांत नागपूर येते, आणि मार्गाचे टोक शिवमडका मिहानच्या बाजूलाच आहे. म्हणजे मोटारवाल्याला सोनेगाव जवळ आले. मात्र त्या मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, आणि आमच्या तालुक्यात बहुतेकांच्या दारात उभी असते ती दुचाकीच.

दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मजुराचा मुलगा आखातात कामाला निघाला, तेव्हा आम्ही सोबत गेलो होतो. विमान पहाटेचे. त्या वेळेला पोहोचविणारी बस नव्हती. मोटारीचे भाडे विचारले, बापाने बोटांवर मजुरीचे दिवस मोजले आणि मान हलविली. शेवटी आदल्या दुपारीच निघालो. यवतमाळला गाडी बदलली, रात्री नागपूरला उतरलो. वर्धा रोडवर मेट्रोला विमानतळ नावाचे स्थानक आहे; पण मेट्रो रात्रभर चालत नाही, आणि स्थानकापासून विमानतळाची इमारत आत आहे. रिक्षा केली. मुलगा आत गेला. बाप काचेबाहेर उभा राहून विचारू लागला, “परत येईल तेव्हा त्याला इथून कोण आणील?”

अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली, आरंभी आठवड्यातून तीन दिवस. आनंद आहे. परंतु तिथेही आमचा प्रश्न तोच राहील. विमानाचे वेळापत्रक आणि बसचे वेळापत्रक एका टेबलावर ठेवून कोणी वाचले तर त्याला फार खर्च येणार नाही. सोनेगावला चार विमानांचा मेळ रोज रात्री बसत होता; येथे एक विमान आणि एक बस एवढाच बसवायचा आहे.

तो मुलगा पुढच्या दिवाळीला येतो आहे. विमान रात्री साडेअकराला उतरते. बापाने आतापासूनच गावातल्या एका जीपवाल्याला सांगून ठेवले आहे.