दंड शेठ भरेल, लायसन्स मात्र ड्रायव्हरचे जाईल

वाहतूक पोलिसाने पावती फाडली की व्यापारी थोडी कुरकुर करतो, पैसे भरतो आणि ती रक्कम मालाच्या वाहतूक खर्चात धरून मोकळा होतो. ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार असो, साकीनाक्याचे गाळे असोत की घाटकोपर-मुलुंडचे गोदामवाले, टेम्पोवर धंदा चालणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांचा हिशेब असाच असतो. हा हिशेब मोडणारी एक पद्धत अनेक देशांत रुळली आहे. तिथे दंडाबरोबर ड्रायव्हरच्या नावावर गुण चढतात. हे गुण शाळेतल्यासारखे नव्हेत, जितके जास्त तितके वाईट. ठरावीक संख्या भरली की काही काळासाठी लायसन्सच जाते.

आखातात गाडी चालवणाऱ्या कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. संयुक्त अरब अमिरातीत यांना काळे गुण म्हणतात. 2017 च्या नियमांप्रमाणे सीटबेल्ट न लावल्यास 400 दिरहम आणि 4 गुण, लाल सिग्नल तोडल्यास 1000 दिरहम आणि 12 गुण. 24 गुण भरले की लायसन्स जप्त. म्हणजे दोनदा सिग्नल तोडणाऱ्या ड्रायव्हरची नोकरीच धोक्यात येते. ब्रिटनमध्ये ही पद्धत 1982 पासून आहे. तिथे तीन वर्षांत 12 गुण झाले की साधारणपणे निदान सहा महिने गाडीला हात लावता येत नाही. हातात मोबाईल धरून गाडी चालवली तर 2017 पासून एकदम 6 गुण पडतात. आपल्या देशात हैदराबादेत 1 ऑगस्ट 2017 पासून 24 महिन्यांत 12 गुण झाल्यास एक वर्ष लायसन्स रोखण्याचा नियम लागू केला गेला.

मग मुंबईचे काय? आपला मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात गुणांचा तक्ता नाही. पण म्हणून लायसन्स सुरक्षित आहे असे कोणी समजू नये. जुन्या पुस्तकी लायसन्सवर शेरा मारला जाई, हे वयस्कर ड्रायव्हरांना आठवत असेल. शेरा पडल्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा नसेल तर कोरे लायसन्स मागण्याची सोयही याच कायद्यात आहे. गुणपद्धतीचा मूळ विचार यापेक्षा वेगळा नाही. चूक नावावर राहते आणि नीट वागल्यास काळाने पुसते.

पुढे 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवले की सहा गुन्ह्यांसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, दारू पिऊन चालवणे आणि चालवताना मोबाईल वापरणे हे चार सर्वांना लागू. उरलेले दोन थेट आपल्या धंद्याचे आहेत : मालगाडीत जादा माल भरणे आणि मालगाडीतून माणसे नेणे. कपाटे-सोफे भरलेल्या टेम्पोत मागे सुतार आणि हमाल बसलेले दृश्य लिंक रोडवर नवे नाही. गिऱ्हाइकाच्या घरी पोचायला त्यांना दुसरे भाडे कोण देणार, असा विचार शेठ करतो. लायसन्स पणाला लागते ते मात्र ड्रायव्हरचे.

खरी मेख इथेच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा मालाचा दंड 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये असा आहे. गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही त्यात येतात. लायसन्स मात्र एकाचेच असते. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत न्यायला सांगणारा शेठ दुसरा ड्रायव्हर शोधतो, पहिला तीन महिने घरी बसतो. ज्याचा टेम्पो आणि ड्रायव्हर दोन्ही तो स्वतःच आहे, त्याची रोजीच थांबते. गुणपद्धत गरीब-श्रीमंत पाहत नाही, हा तिचा गुण सांगितला जातो आणि तो खराही आहे. पण हुकूम कोणाचा होता हेही ती पाहत नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि ई-चलान मालकाच्या नावे येते. एका टेम्पोवर तीन ड्रायव्हर असतील तर चूक कोणाची? कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारल्यास ड्रायव्हरची माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे. तेव्हा गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. तारीख, फेरी, ड्रायव्हरचे नाव आणि लायसन्स नंबर, एवढे पुरे. आठवणीवर नाव सांगितले की निरपराध माणूस अडकतो.

लायसन्स निलंबित करण्याची नोटीस आली तर घाबरून एजंटाकडे धावू नये. ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आरटीओने निलंबनाचा आदेश काढू नये, असे कलम 19 सांगते. अंधेरी, बोरिवली किंवा पूर्व उपनगरांसाठी वडाळा, ज्या कार्यालयाची नोटीस असेल तिथे ठरल्या तारखेला स्वतः हजर राहावे. वजनकाट्याची पावती, मालाचे बिल आणि वहीचे पान बरोबर न्यावे. आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते.

निलंबनाच्या काळात 'नाक्यापर्यंतच जाऊन ये' म्हणून ड्रायव्हरला चावी देणे सर्वात महाग पडते. पकडल्यास कलम 182 खाली त्याला 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मागणी करू शकते. त्या वहीत निलंबन कोणत्या तारखेला संपते तेही लिहून ठेवावे.