बिनचेहऱ्याचे शिल्प : मार्टिन प्युरिअर यांची लाकडी शिल्पे व रेखाटने

आपल्या चळवळीत शिल्प म्हणजे पुतळा. हे समीकरण का रुजले ते उघड आहे. ज्या समाजाला गावच्या देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती, त्याने आपल्या नेत्याचा चेहरा भर चौकात उभा केला, ही केवळ श्रद्धेची बाब नव्हे. सार्वजनिक जागेवरील हक्काची ती घोषणा होती. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्या पुतळ्यांसमोर उभा राहणारा माणूस ‘याचा अर्थ काय?’ असे विचारत नाही. परंतु ज्या शिल्पाला चेहराच नाही, त्याच्याशी आपले नाते काय? आमच्या कबनूर-इचलकरंजी भागातील कलाशिक्षण घेणारी मुले हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर शोधताना मी येथे एका शिल्पकाराच्या कामाविषयी लिहीत आहे. हे काम मी छायाचित्रांतूनच अभ्यासले आहे, हे आधीच नमूद करतो.

मार्टिन प्युरिअर हे अमेरिकेच्या काळ्या समाजातून आलेले शिल्पकार. जन्म १९४१, वॉशिंग्टन. वडील टपाल खात्यात, आई शाळेत शिक्षिका. आपल्याकडील पहिल्या शिकलेल्या पिढीच्या घराची आठवण व्हावी, असे ते घर. त्यांची रेखाटने, मुद्राचित्रे आणि शिल्पे एकत्र मांडणारे एकल प्रदर्शन २०१५ साली न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत भरले. पुढे २०१६ मध्ये ते शिकागोला आणि वॉशिंग्टनला गेले. या प्रदर्शनाचा विशेष असा की कागदावरची रेघ लाकडापर्यंत कशी पोहोचते, हे त्यात एकाच ठिकाणी पाहता येत होते.

यातील सर्वांत जुनी रेखाटने सिएरा लिओनमधील आहेत. १९६४ ते १९६६ या काळात प्युरिअर तेथे शिक्षक म्हणून गेले होते. तेथील माणसे आणि घरे त्यांनी कागदावर उतरवली. पण त्यांच्या दृष्टीने अधिक मोठी घटना वेगळीच होती. विजेच्या यंत्राविना, हाताच्या अवजारांनी काम करणारे गावचे सुतार त्यांनी तेथे पाहिले, आणि हा पदवीधर मास्तर त्या सुतारांकडून सांधे जुळवायला शिकला. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारी जीभ, खिळा नाही. त्यानंतर स्टॉकहोमच्या कला अकादमीत ते मुद्राचित्रण शिकले, पण फर्निचर घडवणाऱ्या कारागिरांकडेही त्यांचे लक्ष होते. १९७१ मध्ये येल विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळाल्यावरही त्यांनी रंधा आणि पटाशी सोडली नाही.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. आपल्या देशात असा प्रवास सहज घडला असता काय? आपल्याकडे लाकडालाही जात आहे. गावगाड्यात लाकडाला आकार देणे हे सुताराचे वतन, तर मर्तिकाची लाकडे फोडणे हे महाराच्या माथी. एकाच झाडाचे सर्पण एकाच्या वाट्याला आणि सांधा दुसऱ्याच्या. त्या दोघांच्या वर बसून, लाकडाला हातही न लावता ज्ञानी म्हणवून घेणारा तिसरा. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले ते याचसाठी. डोके आणि हात यांची फारकत हाच जातीचा पाया असेल, तर हाताने विचार करणारे शिल्प आपल्याला परके असण्याचे कारण नाही.

मात्र ‘हस्तकौशल्याचा गौरव’ हे शब्द ऐकले की दलित वाचकाने सावध व्हावे, असे मला वाटते. पिढीजात काम हा आपल्यासाठी वारसा नव्हता, ती बेडी होती. ती टाकून द्या, गाव सोडा, शिका, असेच बाबासाहेबांनी सांगितले. म्हणून लादलेले काम आणि निवडलेले काम यांत भेद केला पाहिजे. प्युरिअर यांच्यावर सुतारकी जन्माने लादलेली नाही. त्यांनी ती निवडली. त्या निवडीतून हाताच्या कामाला जी प्रतिष्ठा येते, ती लोककलेच्या नावाने कारागिराच्या पाठीवर ठेवलेल्या कौतुकाच्या हातापेक्षा वेगळी आहे.

त्यांचे १९७८ चे एक शिल्प आहे, ‘स्व’ या अर्थाच्या नावाचे. माणसाएवढ्या उंचीचा, गडद, गोलसर आकार. पाहताना वाटते, काळा दगड आहे. प्रत्यक्षात तो लाकडाच्या पातळ थरांनी बांधलेला आहे आणि आतून पोकळ आहे. एका ओंडक्यातून कोरून काढलेला नाही, जोडून उभा केलेला आहे. माणूस जन्मतः घडीव नसतो, तो थराथराने उभा राहतो, असे मी त्या शिल्पात वाचतो. चेहरा नसल्यामुळे तो कोणाचा आहे, हेही जन्मावरून ठरवता येत नाही.

आता त्यांच्या सर्वांत गाजलेल्या शिल्पाकडे वळू. हे शिल्प त्या प्रदर्शनातले नव्हे. ते फोर्ट वर्थच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९९६ चे हे शिल्प म्हणजे छत्तीस फूट लांबीची एक लाकडी शिडी. प्युरिअर यांनी आपल्याच जागेतील अ‍ॅशचे कोवळे झाड उभे चिरून तिच्या दोन बाजू केल्या. झाड जसे वाकले होते तशीच शिडी वळणे घेत जाते. खाली तिची रुंदी जवळजवळ दोन फूट, आणि वर टोकाला अवघी सव्वा इंच. त्यामुळे ती अनंतात गेल्यासारखी भासते. बारीक तारांनी टांगलेली असल्याने ती जमिनीलाही टेकत नाही. नाव आहे ‘बुकर टी. वॉशिंग्टनसाठी शिडी’.

बुकर टी. वॉशिंग्टन १८५६ मध्ये गुलामगिरीत जन्मले. १८८१ मध्ये त्यांनी टस्कीगीची शाळा उभी करायला घेतली. तेथील विद्यार्थ्यांनी विटा भाजून इमारती बांधल्या. पण कष्ट करा, धंदा शिका, राजकीय हक्कांची घाई नको, असा त्यांचा उपदेश होता. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्याला उघड विरोध केला. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत असतानाच, १९१५ मध्ये, बुकर टी. वारले. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते डु बॉइस यांना. हक्क आधी, हीच आपली वाट राहिली.

ही शिडी आपल्याला आणखी एका कारणाने ओळखीची वाटावी. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली: मजल्यावर मजले, पण एकातून दुसऱ्यात जायला जिना नाही. त्याच वर्षी २१ व २२ मार्चला, कबनूरपासून जवळच, आमच्याच आजच्या हातकणंगले तालुक्यातील माणगावात परिषद भरली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार केला. १९०२ मध्ये करवीर संस्थानात पन्नास टक्के जागा राखून ठेवणारे हेच महाराज. मनोऱ्याला शिडी लावण्याचेच ते काम होते. पुढे संविधानाने ती शिडी कायद्याने दिली.

प्युरिअर यांचे शिल्प यापुढचा प्रश्न विचारते. शिडी आहे, पण पहिली पायरी जमिनीपासून उंच असेल तर तळातला माणूस तिच्यावर चढणार कसा? आणि वरच्या सव्वा इंचात पाऊल मावणार कोणाचे? पदवी घेऊन कंत्राटी नोकरीच्या रांगेत उभा असलेला आपला तरुण हे शिल्प कोणाच्याही भाष्याविना समजू शकेल.

यावर आक्षेप येईल की ही फार सभ्य, फार मुकी कला झाली; यात विद्रोह कोठे आहे? आक्षेप मी हलका मानत नाही. नागपूरचे सवी सावरकर आपल्या मुद्राचित्रांत गळ्यातले मडके आणि पाठीचा झाडू थेट दाखवतात. ते आवश्यकच आहे. पण २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात, अमेरिकेच्या अधिकृत दालनात, प्युरिअर यांनी काय ठेवले ते पाहा. एक शुभ्र लाकडी स्तंभ, आणि त्याच्या माथ्यात रोवलेला बेडीचा लोखंडी खुंट. नाव ‘सॅली हेमिंग्ससाठी स्तंभ’. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सन यांच्या घरी गुलाम असलेली ही स्त्री. त्या दालनाची इमारत जेफर्सन यांच्याच वाड्याच्या धर्तीवर बांधलेली. राष्ट्राच्या दिवाणखान्यात बसून राष्ट्राचे पाप सांगणारा हा नकार घोषणेपेक्षा कमी धारदार नाही.

आपल्याकडेही ही भाषा घडते आहे. प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ ही शिल्पमालिका २०२२ मध्ये बर्लिनच्या द्वैवार्षिकात मांडली गेली. घराघरांतली मडक्यांची उतरंड घेऊन त्यांनी जातीची उतरंड उभी केली: सर्वांचा भार सर्वांत खालच्या मडक्यावर. तेथेही चेहरा नाही, तरी कोणाची गोष्ट चालली आहे हे कळायला वेळ लागत नाही.

कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांच्या मुलांनी धोटा आणि कांडी लहानपणापासून हाताळलेली असते. लाकूड कसे झिजते, कोठे चिरते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांना कलादालनाच्या दारात बुजल्यासारखे होत असेल, तर उणीव त्यांच्या जाणिवेत नाही. दालन आपले नाही, असे त्यांना शिकवले गेले आहे. शिक्षकांनी त्यांना कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनातील प्रदर्शनांना न्यावे आणि ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘हे कसे जोडले आहे, आणि कोणी?’ असे विचारायला शिकवावे. या प्रश्नाचे उत्तर देता येणारी माणसे आपल्याच वस्त्यांत अधिक आहेत.